बाटली घरून आणावी

आमच्या दवाखान्याच्या दारावर एकच पाटी होती, वर उर्दूत आणि खाली मराठीत: 'बाटली घरून आणावी.' आज हे कुणाला खरं वाटणार नाही. आता औषध झकास डब्यातून येतं आणि आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्या वेळी औषध आम्ही करत होतो. डॉक्टरसाहेब चिठ्ठी लिहीत आणि मी, म्हणजे कंपाउंडर, बरण्यांतून मोजून, खलून, पाणी घालून ते पेशंटच्या बाटलीत भरून देत असे. बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची, दोन कातरांमधलं औषध म्हणजे एक डोस. जालन्याला मस्तगडात निजामाच्या राज्यात मी हे काम धरलं आणि डोळे अधू होईपर्यंत केलं. माझ्याइतकी सरळ पट्टी कातरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता. हे मलाच सांगावं लागतंय, कारण सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

गरिबाच्या घरी बाटली असायची ती एक तर तेलाची, नाहीतर रॉकेलची, नाहीतर दारूची. त्यामुळे प्रत्येक बाटली मी आधी नाकाला लावायचो आणि मग सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचो. शिंदी, म्हणजे झाडाची ताडी, कुणी बाटलीत भरून घरी नेत नसे, ती झाडाखाली नाहीतर दुकानात बसूनच प्यायची. बाटलीतून घरी यायची ती मोहाची. राखेनं कितीही घासा, मोहाचा वास तळाशी राहतोच. बाई सांगायची, "लेकराला खोकला हाय," आणि तिच्या बाटलीवरून मला घरातलं बाकीचंही कळायचं.

मी अशा बाईला काही विचारत नसे. भरलेली बाटली हातात देताना हळूच म्हणायचो, "शुक्रवारी दुपारी मालकांना मागच्या पडवीत पाठवा. औषध द्यायचं नाही, नुसतं बसायचं असतं." काही जणी ऐकलंच नाही असं दाखवून निघून जायच्या. काही पायरीपर्यंत जाऊन परत यायच्या आणि विचारायच्या, "किती वाजता?"

ही शुक्रवारची बैठक माझी नव्हे, माणिक मास्तरांची. मास्तर एके काळी शाळेत गणित शिकवत, दारूपायी नोकरी गेली. पुढे त्यांची दारू सुटली. कशी सुटली म्हणून विचारलं की म्हणत, "सुटली कुठं? ती बाहेर उभी आहे, मी आत बसलोय." शुक्रवार म्हणजे जुम्मा, त्या राज्यात कचेऱ्यांना आणि शाळांना सुट्टी. दवाखानाही दुपारी बंद. सुट्टीची दुपार हीच पिणाऱ्याला जड जाते, म्हणून मास्तरांनी नेमकी तीच धरली. डॉक्टरसाहेबांनी पडवी दिली, एक सतरंजी दिली आणि "मला यात ओढू नका" असं सांगून हात झटकले.

बैठकीत शपथ घ्यायची नाही असा दंडक होता. शपथेवर मास्तरांचा फार राग. शपथ मोडली की माणूस लाजेनं तोंड लपवतो आणि परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून फक्त मागच्या शुक्रवारपासून या शुक्रवारपर्यंतचं विचारायचं. पाळी आली की ज्यानं त्यानं सांगायचं, "न्हाई घेतली," किंवा "घेतली." घेतली म्हणणाऱ्याला मास्तर हाताला धरून आपल्या शेजारी बसवत आणि पहिला चहा त्याला देत. उपदेश कुणी कुणाला करायचा नाही. मी दाराशी बसून चहा गाळायचो. मला कुणी विचारत नसे, कारण मी पीत नव्हतो.

त्या काळी चार माणसं एकत्र बसली तरी सरकारच्या पोटात दुखायचं. आमच्याविषयीही कुणीतरी वर कळवलं आणि एक जमादार वही घेऊन पडवीत येऊन बसला. बिचाऱ्यानं सगळं इमानेइतबारे लिहून घेतलं: अमका म्हणाला घेतली नाही, तमका म्हणाला घेतली आणि बायकोवर हात टाकला. दुसऱ्या शुक्रवारीही तेच लिहिलं. तिसऱ्या शुक्रवारी वही न घेता आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मास्तरसाब, आज मेरे को भी पूछो." मास्तरांनी विचारलं. "ली," म्हणाला आणि मुकाट्यानं मास्तरांच्या शेजारी जाऊन बसला. त्यानंतर आमच्याविरुद्ध एकही कागद कुठं गेला नाही.

हे आठवलं की अजून हसू येतं. पण मी लिहायला बसलो ते सखाराम सुताराविषयी लिहायला, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगून ते टाळत आलो आहे.

सखाराम बैलगाडीची चाकं करायचा. गाडीचं चाक म्हणजे आऱ्यांचं काम. प्रत्येक आरा मधल्या तुंब्यात अचूक बसला पाहिजे, नाहीतर पहिल्याच दगडाला चाक बोलतं. त्याचे हात इतके कापायला लागले होते की पटाशी धरवत नव्हती. त्याची बायको कौसाबाई. तिनं मुलीच्या खोकल्यासाठी आणलेली बाटली मी हुंगली होती, मग मीच तिला शुक्रवारचं सांगितलं. तीच त्याला धरून दारापर्यंत घेऊन आली. तो पाडव्यानंतरचा पहिला शुक्रवार. सखाराम आत गेल्यावर ती मला म्हणाली, "मी लेकीला घेऊन माहेरी चाल्ले, पिंपळगावला. पुढच्या पाडव्यापोत्तर त्यांनी घेतली न्हाई तर मी येईन. पर ते त्यांच्या तोंडून ऐकायची न्हाई मी. लई डाव ऐकलंय. कंपोंडरभाऊ, तुम्ही सांगायचं. तुमच्या नाकापुढं खोटं चालत न्हाई."

खरं सांगतो, मला तेव्हा फार बरं वाटलं. एका बाईनं आपला संसार माझ्या शब्दावर टांगून ठेवला होता, आणि मी नाकाच्या शेंड्याला हात लावून हसलो होतो.

पहिले दोन महिने सखारामनं भोगलं ते भोगलं. दर शुक्रवारी येऊन भिंतीला पाठ लावून बसायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "न्हाई घेतली." पोळ्याच्या सुमाराला त्याच्या हातांचं कापणं थांबलं. दिवाळीनंतर एका शुक्रवारी फडक्यात गुंडाळून एक पाट घेऊन आला. सागवानी, लहान, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेली. लेक परत आली की जेवायला बसेल त्या पाटावर, म्हणून केलेला. मला म्हणाला, "साहेब, हात फिरवून बघा बरं. तुमचा हात बारीक कामाचा हाय. कुठं कुसळ लागंल का पोरीला?" मी हात फिरवला. काचेसारखा गुळगुळीत होता. मास्तरांनीही फिरवला, जमादारानंही फिरवला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. औषध कडू असतं आणि कडू औषधावर लोकांचा विश्वास असला तरी ते घशाखाली उतरत नाही. म्हणून बहुतेक मिश्रणांत आम्ही शेवटी वेलदोड्याचं टिंक्चर घालायचो. त्यानं औषधाला लाल रंग यायचा, वास यायचा, जरा गोडी यायची आणि घशाला ऊब लागायची. टिंक्चर म्हणजे स्पिरिटात उतरवलेला अर्क. म्हणजे सरळ बोलायचं तर सोवळ्यातली दारूच. कचेरीतून निवृत्त झालेले एक मुन्शीजी होते, त्यांचा अपचनाचा विकार काही बरा होत नव्हता. "तुमच्या हाताला गुण आहे," म्हणून माझं तोंडभर कौतुक करायचे. एकदा टिंक्चर संपलं म्हणून मी त्यांना तेच औषध टिंक्चरशिवाय दिलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते समोरच्या वैद्याकडे जायला लागले.

शुक्रवारच्या माणसांना टिंक्चर द्यायचं नाही, हे मीच ठरवलेलं होतं. त्यांच्या औषधात मी बडीशेपेचं पाणी घालायचो. ते बिनरंगाचं, दिसायला अगदी गरीब. आणि चूक होऊ नये म्हणून त्यांच्या बाटलीच्या गळ्याला आधी पांढरा दोरा बांधायचो. दोरा दिसला की हात बडीशेपेच्या बरणीकडे. डॉक्टरसाहेब या दोऱ्याला हसायचे, पण मला त्याचा अभिमान होता.

फाल्गुनात ताप-खोकल्याची साथ आली. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, माझं जेवण दुपारी चारला व्हायचं. सखाराम खोकत रांगेत उभा होता. त्याची बाटली मी घेतली, दोरा बांधला, मिश्रण केलं, आणि टिंक्चर घातलं. दोरा बांधला तो याच हातांनी आणि टिंक्चर ओतलं तेही याच हातांनी, एका मिनिटाच्या आत. दिवसभर लाल बाटल्या भरणाऱ्या हातानं आणखी एक लाल बाटली भरली. पुढच्या माणसाचा नंबर आला आणि सखाराम औषध घेऊन गेला. मला काही कळलं नाही.

कळलं ते शुक्रवारी. त्याची पाळी आली, तो म्हणाला, "न्हाई घेतली." पण एवढं बोलून थांबला नाही.

"पर मास्तर, एक इचारू का? चार दिस झाले, औषध पिलं की तिचीच याद येऊन राह्यली. घशाखाली उतरलं की वाटतंय तीच हाय. अंगात तशीच ऊब येती. काल तर रांद्यावर हात ठिवला आन दुकानाकडं पाय वळले. अर्ध्यातून माघारी आल्तो."

मास्तर म्हणाले, "औषध कसलं आहे?"

"खोकल्याचं. लाल हाय, ग्वाड हाय. त्याच्यात काय असनार? कंपोंडरसाहेबांनी बराबर दोरा बांधून दिलंय."

लाल म्हटल्याबरोबर मला कळलं, त्यात टिंक्चर गेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कुणीही संशयानं नाही. "माझी चूक झाली," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "उद्या बाटली घेऊन ये. दुसरं देतो."

सखाराम मान हलवत म्हणाला, "बाटलीत काय न्हाई, साहेब. माझ्यातच हाय ती. अकरा महिने झाले, मला वाटलं गेली. बिलकुल गेली न्हाई. आत मुरलीया."

मी गप्प बसलो. पुढे कितीदा तरी मी स्वतःला विचारलं की का गप्प बसलो. डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्याचं नाव जाईल ही भीती होती, नोकरीची भीती होती. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. त्या पडवीत सगळे आपापली लाज उघडी करून बसायचे आणि मी एकटा दाराशी स्वच्छ बसलेला असायचो. ती जागा मला सोडवेना. उद्या गुपचूप बाटली बदलून दिली की झालं, असं मी मनाशी म्हणालो आणि चहा गाळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सखाराम आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, तर दाराला कडी, आणि अर्धं झालेलं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं. शेजारीण म्हणाली, "त्यो? त्यो पुन्हा लागला." मी तसाच परत आलो. पुढच्या शुक्रवारी त्याची जागा रिकामी होती. मास्तरांनी त्याचं नाव घेऊन विचारलं, तेव्हाही मी काही बोललो नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं. टिंक्चर घालणं ही हाताची चूक होती, पण ते दोन शुक्रवार मी समजून उमजून गप्प बसलो होतो.

पाडव्याच्या सकाळी घराघरावर गुढ्या उभ्या होत्या. दवाखाना उघडून मी बरण्या पुसत होतो, तर दारात कौसाबाई. आदल्या दिवशीच निघाली होती, अंबडपर्यंत बैलगाडी आणि पुढे सर्व्हिस मोटार. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हाताशी आठ-नऊ वर्षांची सुमन. घरी न जाता सरळ माझ्याकडे आली होती, ठरल्याप्रमाणे.

"भाऊ, सांगा."

मी म्हणालो, "घेतली."

"कवा?"

"दहा-बारा दिवस झाले."

ती क्षणभर दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलं. लई उपकार झाले." आणि पोरीचा हात धरून आल्या वाटेनं गेली. मी तिला हाक मारली नाही. जे सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि तेवढ्यावर मी तिला जाऊ दिलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी सगळ्यांच्या पाळ्या झाल्यावर मी दारातून उठलो आणि सतरंजीवर जाऊन बसलो. म्हणालो, "मास्तर, मला विचारा." मास्तर बुचकळ्यात पडले, तरी त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मी पाजली. सखारामला. औषधातून." मग सगळं सांगितलं. मास्तरांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं आणि स्वतः उठून पहिला चहा माझ्यापुढं ठेवला. मी सगळ्यांसमोर रडलो.

जमादार उठून उभा राहिला. म्हणाला, "चलो, जल्दी. सारे अड्डे मेरे को मालूम." ऊन उतरायच्या आत सखाराम सापडला, कुंडलिका नदीच्या पलीकडे शिंदीच्या झाडांत. त्याला हातगाडीवर घालून आणलं. अंग तापानं फणफणत होतं, छाती वाजत होती. डॉक्टरसाहेबांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन्ही बाजू भरल्या आहेत. उशीर झाला." त्या काळी या दुखण्यावर आमच्याजवळ फारसं काही नव्हतं. पिंपळगावला त्याच वेळी माणूस धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शुद्धीवर होता. मी खाटेजवळ बसलो आणि सांगितलं, "सखाराम, त्या औषधात स्पिरिट होतं. माझ्या हातून पडलं. तुझ्यात काही नव्हतं रे. शुक्रवारी तू विचारलंस तेव्हा मला कळलं होतं आणि मी बोललो नाही."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं, आता थुंकेल तोंडावर. थुंकला असता तर बरं झालं असतं.

"मंग मी बराबर वळखलं व्हतं," तो म्हणाला. लाकडावर बोटं वाजवून आत पोकळ आहे की भरीव ते सांगताना त्याचा आवाज असा असायचा. मग म्हणाला, "कौसाला सांगा."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. निरोप मिळून कौसाबाई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या गर्दीत तिनं मला काही विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. तेरावा झाल्यावर ती माहेरी परत गेली. पडवीतल्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला तो पाट तसाच होता, तो घेऊन मी पिंपळगावला गेलो.

ती ओसरीत ज्वारी निवडत होती. मी पाट खाली ठेवला आणि समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोरा, टिंक्चर, ते दोन शुक्रवार, सगळं. तिचे हात सुपातच थांबले होते. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "हे तवाच का न्हाई सांगितलं, भाऊ? पाडव्याच्या दिशी? तुमच्या दवाखान्यापास्नं घर दोन गल्ल्यांवर व्हतं. मी गेले असते त्यांच्याकडं."

मी पाट तिच्याकडे सरकवला.

तिनं सूप बाजूला सारलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, "सुमे, हितं ये." मुलगी बाहेर आली. कौसाबाईनं फडकं सोडून पाट मांडला. "बस त्याच्यावर. तुझ्या बापानं केलाय तुझ्यासाठी." मुलगी अंग चोरून बसली. पाट अगदी तिच्या बेताचा होता.

मग कौसाबाई मला म्हणाली, "माझ्याशी नका बोलू आता. मला सांगितलं ते हिला सांगा. हिला मी त्या दिशी वाटंनं सांगत आल्ते, तुझ्या बापानं शब्द मोडला म्हणून."

मी त्या मुलीला सांगितलं. तिला समजेल असं, टिंक्चर म्हणजे काय तेसुद्धा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पितळी फुलावरून बोट फिरवत. मग मान वर करून विचारलं, "मंग शब्द कुणी मोडला?"

मी म्हणालो, "मी."